साहेब, भाई आणि आमचा गणपती

गेलं वर्ष कसं गेलं असं कुणी विचारलं की मी आधी हसते. हसण्यासारखंच होतं ते. पण सांगता सांगता मध्येच कुठेतरी माझं हसू बंद पडतं आणि पारा चढायला लागतो. आमच्या ह्यांना ती जागा बरोबर कळते. त्याच्या जरा आधी ते पेपर उघडून तोंडासमोर धरतात. कालचा असला तरी.

आमचं कुटुंब मूळचं कोकणातलं. सासरे सिल्वासात सरकारी कचेरीत कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. मी लग्न होऊन आले आणि मराठी शाळेत लागले, पहिली-दुसरीला शिकवते. आमचे हे सायलीत सुताच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात. धाकटे दीर खडोलीला प्लास्टिकच्या कारखान्यात पाळीप्रमुख आहेत, जाऊ घरी शिवणकाम करते. दोन घरं, पण रविवारचं जेवण एकत्र, आमच्याकडे. मटण भावोजी आणायचे, कारण ह्यांना खाटीक फसवतो. वाटण मी करायची आणि भाकऱ्या जाऊ थापायची, कारण माझ्या भाकरीचा तिला आणि तिच्या वाटणाचा मला राग यायचा. असं सगळं छान चाललं होतं.

आता गणपतीचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच येऊन थांबलं. आमच्याकडे मूर्ती दुकानातून पसंत करून उचलत नाहीत. घरचा लाकडी पाट मूर्तिकाराला द्यायचा आणि त्याने त्याच पाटावर मूर्ती घडवायची. सासऱ्यांनी जायच्या आधी दोघा मुलांना समोर बसवून वाटणी केली होती. गणपती थोरल्याच्या घरी बसेल आणि पाट धाकट्याकडे राहील. विसर्जन झालं की दमणगंगेवरून रिकामा पाट परत यायचा, तो भावोजी खडोलीला न्यायचे, वर्षभर जपायचे आणि श्रावणात मूर्तिकाराकडे पोचवायचे. चतुर्थीला सकाळी मूर्ती डोक्यावर घेऊन तेच आमच्या दारात यायचे. म्हणजे भावोजींनी पाट दिल्याशिवाय मूर्ती नाही आणि आमच्या घराशिवाय मूर्तीला बसायला जागा नाही. सासरे जन्माचे कारकून. एकाच सहीने काम पुढे सरकू देऊ नये हे त्यांच्या रक्तात होतं. ते म्हणाले होते, "चुली वेगळ्या करा, माझी हरकत नाही. गणपती वेगळा करू नका. दुसऱ्या घरात एकदा बसला की तो दरवर्षी बसवावा लागतो. नंतर रडून काही उपयोग नाही."

एवढी बंदोबस्ताची व्यवस्था. ती मोडायला दोन पुढारी पुरले.

ह्यांच्या पुढाऱ्याला सगळे साहेब म्हणायचे आणि भावोजींच्या पुढाऱ्याला भाई. हे साहेबांचे कधी झाले ते मला कळलंसुद्धा नाही. कॉलनीतल्या गटाराच्या तक्रारीसाठी म्हणून एकदा गेले आणि परत आले ते कार्यकर्ते होऊन. गटार अजून तुंबलेलंच आहे. भावोजी भाईंकडे ओढले गेले ते कारखान्यातल्या पोरांच्या मागण्यांसाठी. दोघांचं मन चांगलं होतं हो, ते मी नाकारत नाही. पण चांगल्या मनाच्या माणसाला नादी लावणं फार सोपं असतं.

निवडणुका जाहीर झाल्या आणि आमच्या रविवारच्या जेवणाचा फड झाला. वाटीतला रस्सा निवतोय आणि हे दोघं हातवारे करतायत. हे म्हणायचे, साहेबांचा पक्ष म्हणजे विकास. भावोजी म्हणायचे, कुठला विकास, दाखव मला, मी चष्मा लावतो. शेवटी मी जाहीर करून टाकलं की या घरात आचारसंहिता लागू झाली आहे, ताटावर राजकारण बोलणाऱ्याला रस्सा मिळणार नाही. मला दर निवडणुकीत मतदान केंद्रावर ड्युटी लागते, तेव्हा आचारसंहिता हा विषय माझ्या हातचा. दोघं तेवढ्यापुरते गप्प बसले. हात धुवायला उठले की बेसिनपाशी परत सुरू.

मग एक दिवस अशी गंमत झाली की आजही मला आठवून हसू येतं. भाईंना त्यांच्या पक्षाने तिकीट दिलं नाही. तर भाई सरळ उठून साहेबांच्या पक्षात गेले आणि तिथलं तिकीट घेतलं. ते तिकीट साहेबांना हवं होतं! साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि ते तडक भाईंनी सोडलेल्या पक्षात जाऊन बसले. एका आठवड्यात दोघांनी खुर्च्या बदलल्या. गळ्यात पक्षाचा पट्टा घालतात ना, इथे त्याला खेस म्हणतात, तो खेस घालतानाचे दोघांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरले. रंग तेवढा बदललेला, दात तेच.

मला वाटलं, सुटलो. आता दोघा भावांना कळेल की आपण कुणासाठी घसा फोडत होतो. कसलं काय! हे साहेबांच्या मागोमाग तिकडे गेले, भावोजी भाईंच्या मागोमाग इकडे आले, आणि भांडण होतं तिथून पुढे चालू. फक्त आता हे म्हणायचे, "कुठला विकास, दाखव मला," आणि भावोजी विकासाची यादी वाचायचे. शब्दन् शब्द तोच. मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "अहो, नवे खेस कशाला आणता? एकमेकांचे जुने घ्या ना बदलून. धुऊन देते मी." जाऊ एवढी हसली की तिला ठसका लागला. हे दोघं मात्र हसले नाहीत. तिथेच मला पहिल्यांदा भीती वाटली. न हसणारी माणसं नव्हती ही.

भांडण कशावरून पेटलं ते सांगायला काही मोठं नाही. सभेला साहेबांची गाडी आली तेव्हा हे पुढे धावले आणि त्यांनी गाडीचं दार उघडलं. तो व्हिडिओ कुणीतरी भावोजींच्या कारखान्यातल्या ग्रुपवर टाकला. त्या रविवारी भावोजी आले तेच गप्प. अर्धं जेवण झाल्यावर म्हणाले, "दादा, तू त्या माणसाच्या गाडीचं दार उघडायला पळतोस. कारखान्यातली पोरं मला हसतात. लाज वाटते मला."

ह्यांनी मान वर न करता म्हटलं, "लाज वाटते तिथे येऊ नये."

बस, एवढंच. मी म्हटलं, "अहो, काय बोलता!" जाऊ म्हणाली, "अहो, बसा खाली." पण भावोजी उठले. ताट अर्धं भरलेलं, भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवलेला. मी त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर राग नाही माझा." आणि जाऊला गाडीवर मागे बसवून निघून गेले. आत येऊन मी ह्यांच्यावर जे तोंड सोडलं ते शेजारच्या खानदेशी बाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम वाटीभर शेंगदाण्याची चटणी आणून दिली. "जाऊ द्या मॅडम, पुरुषांचं असंच," म्हणाल्या. मला जाऊ द्यायचं नव्हतं.

नंतर निवडणूक झाली. कोण निवडून आलं, कोण पडलं, ते मी सांगत बसत नाही. त्याने कुणाला काय फरक पडला? त्या दिवशी मी खानवेलच्या बाजूला एका शाळेत ड्युटीवर होते. रांगेत तासन् तास उभ्या राहिलेल्या बाया शाई लावलेलं बोट हसून दाखवत होत्या, आणि मला मात्र आमच्या दोघा शहाण्यांचा संताप येत होता.

रविवार ओस पडले. मटण बंद झालं, कारण हे आणायला गेले आणि खाटकाने त्यांना फसवलं. जाऊशी माझा फोन चालू होता, पण आधीसारखा नाही. नवऱ्यांची बाजू घ्यायची नाही असं दोघींनी ठरवलेलं, त्यामुळे बोलायला विषयच उरेना. ब्लाउजची बाही, शाळेतली पोरं, पाऊस. मी एकदा न राहवून म्हटलं, "अगं, पाटाचं काय गं?" ती म्हणाली, "ताई, ह्यांच्यापुढे तो विषय काढायची सोय नाही." आमच्या ह्यांच्यापुढे काढला तर ह्यांचं एकच, "त्याला द्यायचा असेल तर देईल. मी विचारायला जाणार नाही." माझं डोकं फुटायची वेळ आली होती. एक जण म्हणतो विचारणार नाही, दुसरा म्हणतो विषय काढू नका, आणि चतुर्थी काही कुणासाठी थांबत नाही.

श्रावणात आणखी एक कहर झाला. साहेब आणि भाई एका मंचावर आले. गळ्यात गळा! प्रदेशाच्या हितासाठी म्हणे जुने मतभेद विसरून एकत्र काम करणार. हार एकच, दोघांच्या मानेत अडकवलेला, आणि मागे आमचे हे एका टोकाला नि भावोजी दुसऱ्या टोकाला टाळ्या वाजवतायत. मी तो व्हिडिओ पाहिला आणि मोबाईल गादीवर फेकला. "झालं का समाधान?" मी ह्यांना विचारलं. "त्यांचं मिटलं. आता तुमचं मिटवा. करा फोन."

हे खिडकीपाशी उभे राहिले. म्हणाले, "करतो." पण केला नाही. मला वाटतं लाज वाटत होती. ज्यासाठी भावाला दारातून घालवलं ते कारणच उरलं नव्हतं, मग फोन करून बोलायचं तरी काय?

हरतालिकेला मी उपास धरून माटवी बांधत होते. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला खानवेलकडून येणाऱ्या आदिवासी बायकांकडून घेतलेली रानफळं, सुपाऱ्या, आंब्याचे टाळे बांधतात. दरवर्षी जाऊ खालून फळं द्यायची आणि मी स्टुलावर उभी राहून बांधायची. त्या वर्षी मीच चढत होते, मीच उतरत होते. संध्याकाळी फाटकात रिक्षा थांबली. बघते तर हे. हातात मूर्ती, तिच्या तोंडावर रुमाल टाकलेला.

"पाट?" मी विचारलं.

"नवीन घेतला," हे म्हणाले. "दुसऱ्या मूर्तिकाराकडे दिला होता. घर रिकामं ठेवायचं का मग?"

"आणि आपल्या नेहमीच्या मूर्तिकाराला विचारलं नाहीत, पाट आलाय का म्हणून?"

"त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, का हो, भाऊ बोलत नाही का? कुठल्या तोंडाने विचारू?"

मी काय करणार होते? मूर्ती दारात आलेली. भाकरतुकडा ओवाळून टाकला, ह्यांच्या पायावर पाणी घातलं, देवाला कुंकू लावलं आणि आत घेतलं. एकदा उंबरा ओलांडून आत आला की गणपती परत पाठवत नाहीत. मग मी जाऊला फोन लावला. ती घाईत होती. "ताई, हे घरातच आहेत, उद्या सकाळी बोलू हं," म्हणाली आणि ठेवला. मला वाटलं, अजून राग आहे.

सकाळी मी नैवेद्याला उकड काढत होते. भटजी यायचे होते. तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "गणपती बाप्पा..." आणि पुढचं "मोरया" जाऊच्या आवाजात. माझ्या हातातला कालथा खाली पडला.

भावोजी दारात उभे होते. अंगात नवा सदरा, डोक्यावर टोपी, टोपीवर मूर्ती, आणि मूर्तीखाली सासऱ्यांचा तो काळा झालेला पाट. मागे जाऊ, हातात मोदकांचा डबा, आणि चेहरा असा फुललेला की काय सांगू. भावोजींनी श्रावणातच पाट मूर्तिकाराला दिला होता. बोलले नव्हते कुणाशी. एकदम दारात येऊन उभं राहायचं, म्हणजे दादाला काही बोलायची वेळच येणार नाही, असं त्यांनी ठरवलेलं. जाऊला तोंड उघडायला मनाई केली होती. पाट आपल्याकडे आहे म्हटल्यावर दादा दुसरी मूर्ती आणेल हे त्या माणसाच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.

हे बाहेर आले. भावोजी ह्यांच्याकडे बघून हसले. आणि हसता हसता त्यांची नजर ह्यांच्या खांद्यावरून आत गेली. माटवीखाली गणपती बसलेला होता.

ते हसू चेहऱ्यावरून उतरायला किती वेळ लागला असेल? मला तर ते अजून उतरताना दिसतं.

मीच पुढे झाले. "भावोजी, आत या. काही होत नाही. दोन्ही बसवू शेजारी शेजारी. देवच आहेत ना दोघे?"

"नको वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले. "एका घरात दोन नाही पुजत. बाबांनी सांगितलेलं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. बोला ना हो, मनात ओरडत होते मी, बोला काहीतरी! चुकलो म्हणा, ये म्हणा, नुसतं नाव घ्या त्याचं. ह्यांचे ओठ हलले. पण एवढ्या महिन्यांचं न बोलणं असं साचून बसलं होतं की शब्द काही बाहेर पडला नाही. भावोजी थोडा वेळ थांबले. मग ते वळले. मुहूर्त टळण्याआधी कुठेतरी बसवायलाच हवा होता त्याला. जाऊ माझ्याकडे बघत बघत मागे गेली. तिने मोदकांचा डबा माझ्या हातात दिला नाही, आणि तिला दोष कसा देऊ? तिलाही आता नैवेद्य दाखवायचा होता.

त्या दुपारी खडोलीला गणपती बसला. सासऱ्यांची सगळी व्यवस्था संपली. कुणाला संपवायची नव्हती ती! हेच तर माझ्या जिवाला लागतं. भांडून वेगळं झालं असतं तर एक वेळ समजलं असतं मी. इथे एकाला जोडायचं होतं, दुसऱ्याला तुटू द्यायचं नव्हतं, आणि दोघांनी मिळून कायमचं तोडून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आणि भाई आले. एकाच गाडीतून, कार्यकर्त्यांच्या घरोघरी दर्शनाला. गाडीचं दार ह्यांनी उघडलं नाही, एवढं मी पाहिलं. आत येऊन दोघांनी हात जोडले, फोटो काढले, मोदक खाल्ले. "तुमचे बंधू दिसत नाहीत?" भाईंनी विचारलं.

हे म्हणाले, "खडोलीला. त्याच्याकडे त्याचा गणपती आहे."

"वा, वा!" साहेब म्हणाले. "म्हणजे आम्हाला दोन ठिकाणी मोदक." सगळे हसले. मी आत निघून गेले, नाहीतर माझ्या तोंडून पाहुण्यांना काय गेलं असतं देव जाणे. तेवढ्यात ऐकू आलं, भाई म्हणत होते, "घर नीट माहीत नाही आम्हाला. चला ना तुम्ही रस्ता दाखवायला." मी बाहेर येईपर्यंत हे गाडीत बसले होते. मागच्या सीटवर, दोघांच्या मध्ये.

दिवेलागणीला परत आले. दारातच बसले, चपला न काढता. मी पाणी दिलं. "काय झालं? बोललात का?"

"एवढ्या लोकांत काय बोलणार," हे म्हणाले. "छान सजवलंय त्यांनी. आरती झाली. मी मागे उभा होतो, कार्यकर्त्यांत. तो ताट घेऊन सगळ्यांपुढून गेला. माझ्यापुढे आला तर मला काही सुचेना. साहेबांनी नोट टाकली, भाईंनी टाकली. मीही खिशात हात घातला आणि नोट टाकली." ते माझ्याकडे बघत होते, पण मला बघत नव्हते. "बाबांच्या गणपतीच्या ताटात मी पाहुण्यासारखी नोट टाकली गं. आणि त्याने ती घेतली."

आत आमच्या आरतीची वेळ झाली होती. मी निरांजन लावलं आणि ह्यांना उठायला हात दिला.